साहेब आणि कार्टं

माझ्या भाचीला घरात सगळे खुडबुड म्हणतात. हे नाव तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं आहे. चालायला लागायच्या आधीच तिने पाळण्याची कडी काढली होती, आणि त्या वेळी ती पाळण्यातच होती.

अशी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य पुढे वाटलं. पदवी हातात आल्यावर ती पंपांच्या कारखान्यात लागली आणि घरातली खुडबुड थांबली. जेवताना भाऊजी, म्हणजे तिचे बाबा, कौतुकाने विचारायचे, "आज काय केलंस?"

"झाकण."

"आणि काल?"

"काल त्याच झाकणाचं भोक."

"अगं, मग पंप कोण करतं?"

"माहीत नाही, बाबा. पंप दुसऱ्या इमारतीत असतो."

ते झाकण वर्षभर चाललं. मग तिने नोकरी बदलली. दुसरी नोकरी एका मोठ्या काचेच्या इमारतीत होती. त्यांना मेकॅनिकल इंजिनिअर हवे होते, पण सगळ्या इमारतीत यंत्र एकच होतं, कॉफीचं. ते बंद पडलं तेव्हा तिने ते उघडलं, दुरुस्त केलं आणि परत लावलं. त्याबद्दल तिला समज देण्यात आली. थोड्या दिवसांनी तिने तीही नोकरी सोडली.

भाऊजींचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस सरळ आहे, आवाजसुद्धा चढवत नाही. दुसरी नोकरी सुटल्यावर ते एवढंच म्हणाले, "हा महिना शोध. एक तारखेपासून दुकानात ये. आपल्या दुकानाला काय झालंय?" आणि त्यांनी काउंटरमागे स्वतःच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल आणून ठेवलं. ताईने, म्हणजे खुडबुडच्या आईने, त्याच्यावर गादीसुद्धा शिवून घातली. घरात ठरलं की ठरलं.

खुडबुड माझ्याकडे आली. मी शाळेतून निवृत्त झालो आहे, पण गणितात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला आठवड्यातून तीन दिवस अजूनही शाळेत जातो. वह्या तपासत बसलो होतो. ती समोर येऊन बसली, टेबलावरचं माझं पेन घेतलं आणि त्याची स्प्रिंग काढली.

"दुकान आवडत नाही का तुला?" मी विचारलं.

"असं नाही, मामा. पण तिथे काही हलतच नाही. चष्मे नुसते आपल्याकडे बघत बसतात."

"मग तुला काय हवंय?"

"तेच कळत नाहीये. पंपात नव्हतं. काचेच्या इमारतीत तर नव्हतंच."

"मग राहिलं काय?"

"राहिलेलं सगळं," ती वैतागून म्हणाली.

मुलाला उत्तर येत नसेल तर प्रश्न बदलून बघावा, एवढं मला येतं. मी म्हटलं, "कॉलेजात कुठल्या तासाला तू दांडी मारली नाहीस?"

ती पहिल्यांदा जरा हसली. "प्रयोगशाळेत. तिथे सळया ओढून तोडायचो. आधी बराच वेळ काही होत नाही. सगळे कंटाळतात. आणि मग एकदम फाट्! मग सर तुकडा हातात द्यायचे आणि विचारायचे, का तुटली सांग."

"मग तेच काम बघ की."

"मामा, वस्तू मोडायला पगार कोण देतं?"

मी स्प्रिंग परत मागितली.

त्याच आठवड्यात भाऊजींच्या शेजाऱ्यांनी एका खुर्च्यांच्या कारखान्यात शब्द टाकला. कारखाना मोठा, शाळा-कॉलेजांसाठी खुर्च्या करणारा. जागा डिझाइन विभागातली होती आणि केबिनसुद्धा मिळणार होती. केबिन म्हटल्यावर ताईच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. भाऊजी म्हणाले, "जाऊन ये. नाही जमलं तर आपलं दुकान आहेच." खुडबुडने इस्त्रीचे कपडे घातले आणि गेली.

मुलाखत घ्यायला तिघं होते. कारखान्याचे मालक, डिझाइन विभागाचे प्रमुख आणि भरतीचं काम बघणाऱ्या एक बाई. मालक कोपऱ्यात बसून नुसते ऐकत होते. डिझाइनप्रमुखांनी पाइपच्या जाडीपासून वेल्डिंगपर्यंत बरंच विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं. ते खूश दिसले. मग बाईंनी फाइल मिटली आणि गोड आवाजात शेवटचा प्रश्न विचारला, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

खुडबुड विचारात पडली. ती विचारात पडली की खुर्ची मागच्या दोन पायांवर घेते. पहिलीपासूनची सवय आहे. शाळेतल्या प्रत्येक बाईंनी "पडशील" म्हणून तिला बजावलं होतं आणि ती कधीच पडली नव्हती.

टक् असा आवाज झाला आणि तिने स्वतःला जमिनीवर पाहिलं.

खुर्ची त्यांचीच होती. त्यांची सगळ्यांत जास्त खपणारी.

"लागलं का?" बाई धावल्या. डिझाइनप्रमुख हात द्यायला वाकले. खुडबुड खालूनच ओरडली, "थांबा, कुणी हात लावू नका!"

त्यांना वाटलं, हाड मोडलं. पण ती खुर्चीबद्दल बोलत होती. ती गुडघ्यांवर बसली, खुर्ची उलटी केली आणि मोडलेला पाय खिडकीच्या उजेडात धरला. पाय जिथे बैठकीखालच्या पाइपला जोडला होता, बरोबर त्या जोडाच्या कडेला तो तुटला होता.

"ही आज मोडलेली नाही," ती म्हणाली. "हे बघा. तुटलेला भाग अर्धा काळपट आहे, अर्धा चकचकीत. काळपट तेवढी जुनी तड. माझ्या वजनाने फक्त चकचकीत भाग तुटला. म्हणजे या खोलीत आधी येऊन बसलेली माणसंही मागे झुलत होती. या प्रकारच्या आणखी आहेत का तुमच्याकडे?"

डिझाइनप्रमुख म्हणाले, "खुर्ची बसायला असते. झुलायला नसते."

"हो. पण आहेत का आणखी?"

बाई म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला कळवू."

ती घरी पोचायच्या आत शेजारी भाऊजींकडे पोचले होते. "मी तिथे शब्द टाकतो आणि ही तिथे जाऊन खुर्ची मोडते! वर त्यांनाच विचारते, आणखी आहेत का!" भाऊजींनी त्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर भाऊजींनी दुकानाच्या नव्या कार्डांचा नमुना काढला. त्यावर त्यांच्या नावाखाली तिचं नाव होतं, आणि नावापुढे 'मेकॅनिकल इंजिनिअर' असं छापलं होतं. चष्म्याच्या दुकानात ते शोभूनही दिसत होतं.

चौथ्या दिवशी कारखान्यातून फोन आला. स्वतः मालकांचा. डिझाइनची जागा दुसऱ्याला दिली होती. पण रंगखात्याच्या मागे एक शेड आहे, तिथे खुर्च्यांची चाचणी होते, तिथे महिनाअखेरपर्यंत येऊन बघायचं असेल तर या, असं ते म्हणाले. पुढचं पुढे बघू.

"काम काय?" भाऊजींनी विचारलं.

"खुर्च्या मोडायच्या," खुडबुड म्हणाली.

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "यासाठी चार वर्षं शिकलीस?"

"महिनाअखेरपर्यंतच, बाबा."

"एक तारखेला दुकान."

"त्यांनी ठेवलं नाही तर."

"ठेवलं तर बघू," भाऊजी म्हणाले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'नाही' असा होतो.

शेडमध्ये एक यंत्र होतं. भरल्या अंगाच्या माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं, दट्ट्याला अडकवलेलं. हवेच्या दाबावर दट्ट्या खाली यायचा, पोतं खुर्चीवर टेकायचं, पुन्हा वर जायचं. दिवसभर हेच. कामगार त्या पोत्याला 'साहेब' म्हणायचे. साहेब बसले, साहेब उठले. साहेब नेहमी बैठकीच्या बरोबर मध्यावर, सरळ, सावकाश बसत आणि तितक्याच सावकाश उठत. त्यांच्या हाताखालून आजवर एकही खुर्ची नापास झालेली नव्हती. डिझाइनप्रमुखांना या गोष्टीचा फार अभिमान होता.

खुडबुडने एक दिवस साहेबांकडे बघण्यात घालवला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, त्यांचं पोतं मुख्याध्यापकांसारखं बसतं."

"मग बरोबरच आहे की."

"खुर्च्या मुख्याध्यापकांसाठी आहेत का? वर्गातली मुलं कशी बसतात ते मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी मी तिला वर्गात नेलं आणि मागच्या भिंतीशी बसवलं. पोरांना सांगितलं, ताई इंजिनिअर आहेत, तुम्ही कसे बसता ते बघायला आल्या आहेत. माझी आख्खी नोकरी जे सांगण्यात गेली ते तेव्हा झालं. सगळा वर्ग ताठ बसला. हात मांडीवर, पाय जमिनीवर. खुडबुड हताश होऊन माझ्याकडे बघत राहिली.

"ताईंकडे बघू नका," मी म्हणालो आणि फळ्यावर भागाकार लिहिला, लांबलचक आणि शेवटी बाकी उरेल असा.

पहिली ओळ होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग एकेक खुर्ची हलायला लागली. कुणी एक पाय अंगाखाली घेऊन बसलं. कुणी खुर्ची वळवून पाठीवर हनुवटी टेकवली. एक मुलगी बैठकीच्या अगदी कोपऱ्यावर येऊन, एकाच पायावर भार टाकून गोल गोल घुमत होती. आणि जिथे अवघड पायरी आली तिथे निम्मा वर्ग मागच्या दोन पायांवर गेला आणि छताकडे बघायला लागला. उत्तर सापडलं की खुर्ची धाडकन पुढे यायची.

मी इतकी वर्षं तो धाडकन आवाज ऐकून "सावकाश" म्हणत आलो. तो आवाज म्हणजे उत्तर सापडल्याची खूण आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खुडबुडने घरी जाऊन त्या दिवशी जेवताना जे बोलायला सुरुवात केली ते ताट वाळेपर्यंत. लोखंड थकतं कसं, तार एकदा वाकवली तर काही होत नाही पण मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत राहिलं की एक दिवस आपोआप तुटते, तसंच त्या जोडाच्या कडेला होतं, धाडकन पुढे येताना सगळा दणका तिथेच बसतो, वगैरे. शेवटी भाऊजी म्हणाले, "जेव आता." ताईने मला फोन करून सांगितलं, "पोरगी बोलते रे पुन्हा." मग म्हणाली, "पण विषय काय तर पाय."

तिने नवं यंत्र बांधायला घेतलं. भंगारातला एक जुना दट्ट्या, रंगखात्यातून आलेली हवेची नळी, आणि पोतं लहान, दहा-बारा वर्षांच्या मुलाएवढं. दट्ट्या खुर्चीची पाठ मागे ओढायचा, खुर्ची मागच्या पायांवर उभी राहायची, आणि दट्ट्या एकदम सोडून द्यायचा. धाडकन. पोतं मध्यावर न बांधता तिने कोपऱ्यात बांधलं. पहिल्याच दिवशी ते सुटून रंगखात्यात गेलं आणि हिरवं होऊन परत आलं. कामगारांनी लगेच बारसं करून टाकलं. मोठं पोतं साहेब, हे कार्टं.

"कार्टं आज काय म्हणतंय?" जाता-येता कामगार विचारायचे.

"ऐकत नाही," ती अभिमानाने सांगायची.

महिना संपत आला. शाळांसाठीच्या खुर्च्यांचा मोठा माल प्लास्टिकमध्ये गुंडाळून तयार होता आणि न्यायला ट्रक येऊन उभा होता. खुडबुडने मालकांना सांगितलं, त्याआधी एक खुर्ची कार्ट्याला द्या. डिझाइनप्रमुख चिडले. "साहेबांनी पास केलाय माल. आता हे काय?"

मालक म्हणाले, "एक द्या. तुम्हीच निवडा."

नेमक्या त्याच दिवशी भाऊजी कारखान्यात जायला निघाले. मालकांचे आभार मानायचे, झाल्या प्रकाराची क्षमा मागायची आणि उद्यापासून मुलगी दुकानात येणार आहे हे रीतसर सांगायचं, असा त्यांचा बेत होता. एकट्याने जायला अवघड वाटत होतं म्हणून मला बरोबर घेतलं. वाटेत दोनदा त्यांनी वाक्य म्हणून बघितलं. "संधी दिलीत, उपकार झाले, पण घरचा व्यवसाय आहे."

आम्ही शेडमध्ये शिरलो तेव्हा कार्टं जोरात होतं. खुर्ची मागे, धाडकन. मागे, धाडकन. मालक हात पाठीमागे बांधून उभे होते. डिझाइनप्रमुख घड्याळ बघत होते. खुडबुड जमिनीवर बसून जोडाकडे बघत होती. आम्ही आलेलं तिला कळलंही नाही.

भाऊजी मालकांजवळ गेले. "नमस्कार. मी हिचा बाबा. संधी दिलीत, उपकार..."

धाडकन.

"...झाले," भाऊजी म्हणाले. "हे काय चाललंय?"

"बघतोय," मालक म्हणाले.

"मोडणार का?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

भाऊजी दोन पावलं पुढे गेले. "खुडबुड, कधी मोडेल?"

"माहीत नाही, बाबा," तिने मान वर न करता सांगितलं. "कळलं असतं तर बघत कशाला बसले असते?"

बराच वेळ काही झालं नाही. डिझाइनप्रमुख म्हणाले, "बघा, काही होत नाही," आणि चहाला गेले. मालक गेले नाहीत. भाऊजी दमले म्हणून भिंतीशी ठेवलेली एक खुर्ची ओढून बसायला लागले.

"बाबा, तिच्यावर नको," खुडबुड म्हणाली.

भाऊजी उभे राहिले. हळूहळू ते वाकायला लागले. मग गुडघ्यांवर हात. मग चष्मा डोक्यावर सरकवून, नाक जोडापासून वीतभर अंतरावर. मला काउंटरमागचं ते दुसरं स्टूल आठवलं. डिझाइनप्रमुख चहा पिऊन परत आले, आणि कार्ट्याने खुर्ची मागे नेली, सोडली, आणि या वेळी धाडकनच्या आधी एक बारीकसा टक् आवाज आला.

"थांबव!" भाऊजी ओरडले. "थांबव, गेली! इथे बघ, इथे!"

यंत्र थांबलं. जोडाच्या कडेला केसाएवढी तड होती. खुडबुडने भिंग दिलं तर भाऊजींनी ते परत केलं आणि खिशातून स्वतःचं काढलं.

डिझाइनप्रमुखांनीही वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते सावरून म्हणाले, "मुलं नीट बसली तर हे होणार नाही."

"बरोबर आहे," खुडबुड म्हणाली. "पण मुलं बदलणं माझ्याच्याने व्हायचं नाही. त्या कामाला आमचे मामा लागलेत चाळीस वर्षं. पाय बदलता येईल. जोडाखाली एक तिकोनी पट्टी घातली तर दणका वाटला जाईल."

मालक शेडच्या दारापर्यंत गेले आणि बाहेर बघून म्हणाले, "ट्रक रिकामा परत पाठवा." मग आत येऊन म्हणाले, "पट्टी घालून बघू. यापुढे कार्ट्याच्या हाताखालून गेल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही. सही हिची."

"हिची?" डिझाइनप्रमुख म्हणाले. "ही तर अजून कायमसुद्धा नाही."

"तुमची सही कायमच होती," मालक म्हणाले. "त्या सहीच्या खुर्चीवर बसूनच ही पडली. उद्यापासून हीही कायम." आणि मग भाऊजींकडे वळून, "तुम्ही काहीतरी सांगत होतात."

भाऊजींच्या हातात अजून भिंग होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती ऐकत नव्हती. तिने मोडलेली खुर्ची काढून बाजूला ठेवली होती आणि तिच्या पायाशी पट्टीचा तुकडा धरून, एक डोळा मिटून बघत होती. चेहऱ्याला हिरवा रंग लागला होता. पाळण्याची कडी हातात घेऊन ती अशीच बसली होती, असं ताई नेहमी सांगते.

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "संधी दिलीत, उपकार झाले."

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा भाऊजी म्हणाले, "लोकांना सांगायचं काय? मुलगी काय करते?"

"मोडते म्हणून सांगा."

"हूं." सिग्नल सुटला. "पट्टी घातल्यावर ती मोडेल का हो?"

मोडली नाही. पुढच्या आठवड्यात कार्ट्याने पट्टीच्या खुर्चीला दोन दिवस छळलं आणि शेवटी स्वतःच बिघडलं. खुडबुडने संध्याकाळी हे सांगितलं ते घरात कुणी आजारी असल्यासारख्या आवाजात. भाऊजींनी तिची समजूत घातली. होईल, म्हणाले, दुसऱ्या खुर्च्या आहेत.

काउंटरमागच्या स्टुलावर काही दिवस दुकानातली मांजर बसायची. मग भाऊजींनी काचेवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'मदतनीस पाहिजे. इंजिनिअर नको.'